वरीलप्रमाणे

"आलात?" असं त्यांनी विचारलं, आणि मला वाटलं माझ्या मागून जिन्यावरून आणखी कोणीतरी येतंय. मी वळूनसुद्धा पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तिसऱ्या मजल्याचा अरुंद बोळ, कोणाच्या तरी दाराशी उपडी घातलेली बादली, आणि दार उघडून बाजूला झालेल्या काकू. प्रश्न आतून आला होता, आणि मलाच होता. घरोघर जाऊन व्यायाम द्यायच्या कामाला लागून मला जेमतेम दहा दिवस झाले होते, आणि तेवढ्यात दारात काय काय ऐकावं लागतं याची सवय होत आली होती. कोण पाहिजे, आज यायच्या होतात का, मागच्या वेळच्या बाई बऱ्या होत्या, चपला तिथे नका काढू. पण जणू मी मघाशीच पाणी प्यायला आत गेले होते आणि जरा वेळ लावला, अशा सुरात मला कोणी "आलात?" म्हटलं नव्हतं. माझ्या हातातल्या कागदावर फक्त एवढं होतं: पुरुष, वय अडुसष्ट, निवृत्त मीटर-रीडर, डाव्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन, चालत नाही. भिंतीला लागून कॉट, कॉटवर इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून आडवे असलेले एक गृहस्थ. डाव्या गुडघ्याखाली उशी. ते माझ्याकडे बघून हसत होते, आणि मी त्यांना ओळखत नव्हते. मग माझी नजर त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे गेली. तिथे चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेला एक कागद होता, आणि त्यावर सहा काडीमाणसं आडवी पडून पाय हलवत होती. सहाही जणांना नाक होतं. काडीमाणसाला कोणी नाक काढत नाही. मी काढते, कॉलेजात असल्यापासून. नाक असलं की तोंड कुठल्या बाजूला आहे ते पेशंटला कळतं. मी ते नाक आधी ओळखलं. माणूस त्यानंतरही ओळखता आला नाही.

आमच्या नोकरीत दर चार महिन्यांनी जागा बदलते. चार महिने हाडांचा वॉर्ड, चार महिने छातीचा, मग मेंदूचा, मग अतिदक्षता, मग हे घरोघरचं; क्रम ठरलेला नसतो. शिकायला चांगलं असतं, सगळं हाताखालून जातं, असं नेमणुकीच्या वेळी सांगतात, आणि ते खरंच आहे. आई दर रविवारी फोनवर विचारते, "सध्या कुठे आहेस?" आणि मी म्हणते, "छातीत," किंवा "अजून महिनाभर मेंदूत." तिला हे ऐकून दर वेळी हसू येतं. "बाई गं, मेंदूत गेलीस ते बरं झालं, वापर जरा." मला मात्र ही फिरती मनापासून आवडायची, आणि कारण शिकायला मिळतं हे नव्हतं. कारण असं होतं की मला शेवट पाहावा लागत नसे. हाडांच्या वॉर्डात माणूस ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी माझ्या हातात यायचा, फिकट, घाबरलेला, आणि आठवड्याभरात वॉकर धरून दारापर्यंत जायचा. दारापर्यंत माझा. दारापलीकडे लिफ्ट, लिफ्टखाली गाडी, आणि मग तो कुठल्या तरी घरात नाहीसा व्हायचा. तिथे त्याचं भलंच होत असणार, असं मी धरून चालायचे. जिना चढायला लागतो म्हणून आम्ही त्यांना चार पायऱ्यांच्या लाकडी जिन्यावर चढवून-उतरवून पाहत असू. त्या चार पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा होता, आणि वर गेल्यावर कुठेही जाता येत नव्हतं. वळून पुन्हा खाली यायचं.

"दाखवू?" काकांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी डोळे मिटले आणि पहिला व्यायाम सुरू केला. पावलं वर-खाली, दहा वेळा. मग मांडीचा स्नायू आवळून दहा आकडे धरणं. मग टाच सरकवत गुडघा वाकवणं, उशीवरून थोडासाच. प्रत्येक आकड्याला एक श्वास, बरोबर मी शिकवते तसा. सहा संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि शाळेतल्या मुलासारखं माझ्याकडे पाहिलं. "दिवसातून तीन वेळा. एक दिवस चुकलेला नाही. हिला ताप होता त्या दिवशीसुद्धा नाही." काकू म्हणाल्या, "खरं आहे हो. मी तापानं फणफणलेय आणि हे मोजतायत सात, आठ, नऊ." कागदाच्या तळाशी माझ्याच अक्षरात लिहिलेलं मी वाचलं. डाव्या पायावर भार द्यायचा नाही. मी सांगेपर्यंत उभं राहायचं नाही. त्याखाली दोन रेघा आणि तारीख. त्या तारखेला आठ महिने होऊन गेले होते. हे व्यायाम ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्याचे. भार सहा आठवडे द्यायचा नसतो.

"डॉक्टरांना नंतर दाखवलं नाही?" मी विचारलं. माझा आवाज मला चढा वाटला. "दाखवलं ना. दीड महिन्यानं. चौघांनी खुर्चीतून उतरवलं मला. फोटो काढला. म्हणाले, हाड झकास जुळलंय, आता फिजिओथेरपीवाले सांगतील तसं करा." "मग?" "मग काय?" ते म्हणाले. "तुम्ही सांगायच्या होतात." यात टोमणा नव्हता. मी पुन्हा पुन्हा ते वाक्य आठवून पाहिलंय, टोमणा असता तर बरं झालं असतं असं वाटून, पण नव्हता. आज वार कोणता असं कोणी विचारावं आणि आपण सांगावं, तसं ते होतं. काकूंनी मात्र माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "आम्ही फोन केले. कधी म्हणायचे, इथून नाव गेलंय, घरी येणाऱ्यांच्या यादीत आहे. कधी म्हणायचे, यादी मोठी आहे. मुलगा लांब असतो. तो म्हणाला, उठवा त्यांना. पण हे कुठले ऐकतात!" "ज्याचं काम त्यानं सांगावं," काका म्हणाले. "मी चौतीस वर्षं मीटर वाचले. घर बंद असलं की बाकीचे अंदाजानं आकडा टाकायचे. मी कधी टाकला नाही. बंद तर बंद लिहायचं. पुन्हा जायचं."

मी गुडघ्याखालची उशी काढली. काकूंनी ती प्रेमानं ठेवली होती. उशीनं बरं वाटतं, आणि हळूहळू गुडघा तिथेच बसतो, वाकलेला. पाय सरळ होईना. मी कोन मोजला: तीस अंश. मांडीभोवती टेप धरली. उजव्या मांडीपेक्षा डावी सहा सेंटिमीटरनं बारीक, आणि उजवीत तरी काय उरलं होतं. माझे हात आपलं काम करत होते. हातांना हे बरं जमतं, आपण नसलो तरी ते करत राहतात. मी आकडे लिहिले, घोटा धरून पाय हलकेच ताणला, ते "अं" एवढंच म्हणाले. सगळं आवरून मी उठले आणि म्हणाले, "बघू या हं काका. पुढच्या वेळी आपण नवं काहीतरी सुरू करू." "उभं राहायचं का?" त्यांनी विचारलं. "पुढच्या वेळी सांगते," मी म्हणाले, आणि जिना उतरायला लागले. दुसऱ्या मजल्यावर आल्यावर मला कळलं मी काय बोलले. पायऱ्या उंच होत्या, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला गंजलेला कठडा, तोही दोन ठिकाणी तुटलेला. मी पहिल्यांदा एखाद्या पेशंटचा जिना मोजला. तीन मजल्यांच्या चोपन्न.

त्या दिवशीची उरलेली दोन घरं उरकून मी हॉस्पिटलात गेले. हाडांच्या वॉर्डातली हस्तांतराची वही कपाटात असते. जाणाऱ्यानं येणाऱ्यासाठी त्यात प्रत्येक पेशंटची ओळ लिहायची. माझा शेवटचा शुक्रवार शोधायला वेळ लागला नाही. अक्षर सुरुवातीला सुवाच्य होतं. पहिल्या पेशंटला पाच ओळी, दुसऱ्याला चार. सातव्यापाशी अक्षर तिरकं झालं होतं. अकरावी एक बाई होती, मनगटाची: रोजचे व्यायाम चालू, विशेष काही नाही. बारावे काका. त्यांच्यापुढे मी लिहिलं होतं, वरीलप्रमाणे. एवढंच. शनिवारी त्यांना घरी सोडलं असणार, सोमवारी माझ्या जागी आलेल्या मुलीनं वही उघडली असणार, आणि बाराव्या कॉटवर तोवर दुसराच कोणी असणार. मी खुर्चीत बसून तो शुक्रवार आठवायचा प्रयत्न केला. मला केक आठवला. वॉर्डातल्या एका नर्सचा निरोप समारंभ होता, केकवर तिचं नाव चुकीचं लिहून आलं होतं आणि सगळ्या हसत होत्या, आणि मला कोणीतरी बाहेरून हाक मारली, "अगं ये ना, ती वही काय पळून जात्येय?" मला त्या केकची चव आठवली, खाली किंचित करपलेला होता. मी नवे बूट घेतले होते सोमवारसाठी, त्यांचा रंग आठवला. बाराव्या कॉटवर कोण होतं, ते आठवलं नाही. फक्त त्यांचा एक्स-रे आठवला: एक लांब सळई आणि दोन स्क्रू, त्यातला वरचा जरा तिरपा.

आमच्या मोठ्या मॅडमना मी सांगितलं. त्या वीस वर्षं या कामात आहेत, आणि कुठल्याही बातमीनं त्यांचा चष्मा हलत नाही. त्यांनी वही पाहिली, मग मला बसायला सांगितलं. "ही तुझ्या एकटीची चूक नाही," त्या म्हणाल्या. "सर्जननं चिठ्ठी द्यायला हवी होती. आपल्याकडून फोन जायला हवा होता. यादीत सहा महिने नाव पडून राहतं ही कोणाची चूक?" "पण 'मी सांगेपर्यंत' मी लिहिलं होतं," मी म्हणाले. "सगळेच लिहितात. मीही लिहिलंय." त्यांनी वही मिटली. "आपण रीतसर कळवू, घडलं ते सगळं. फॉर्म आहे त्याचा. पण त्यांना काय सांगायचं ते तू ठरव. मी तुझ्या जागी असते तर सांगितलं असतं. पटकन. जितके दिवस जातील तितकं ते तुझ्याच गळ्यात अडकेल." रविवारी आईचा फोन आला. मी तिला सांगितलं आणि ती हसली नाही. "तुला ना लहानपणापासून दार लोटून जायची सवय," ती म्हणाली. "लावायचं नाही, उघडंही ठेवायचं नाही. नुसतं लोटायचं. मी मागून येऊन कडी लावायची." मला राग आला. मग राग गेला, आणि मला एकेक दारं दिसायला लागली. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या औषधाच्या दुकानातला तो शांत माणूस, ज्यानं दोन वर्षांपूर्वी लग्नाचं विचारलं होतं आणि ज्याला मी "सांगते" म्हणाले होते. मी कधीच नाही म्हणाले नाही. मी फक्त छातीच्या वॉर्डात गेले, आणि तिथून खाली येताना दुसरा जिना वापरायला लागले.

दुसऱ्या भेटीला मी पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागले, नाहीतर माझं पुन्हा "बघू या" झालं असतं. मी सगळं सांगितलं. सहा आठवड्यांनी उभं राहायला हवं होतं. ते सांगायला कोणी आलं नाही, कारण मी ते नीट लिहून ठेवलं नव्हतं. माझी बदली झाली होती. मी विसरले. "म्हणजे," काका म्हणाले, "म्हणजे कोणी मोजतच नव्हतं?" "नाही." "मी काय समजत होतो, सांगू? मला वाटायचं माझ्या हाडात काहीतरी आहे, ते डॉक्टरांना दिसत नाही आणि तुम्हाला माहितीय. म्हणून तुम्ही थांबवलंय मला. मी हिला म्हणायचो, त्या बाईंच्या डोक्यात हिशोब असणार." काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात फडकं. काकांनी मान भिंतीकडे वळवली. "आज नको," ते म्हणाले. "उद्याही नको." मी उभीच राहिले. काय करतात अशा वेळी ते कुठल्याही वॉर्डात शिकवलेलं नव्हतं.

काकू माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आल्या. मला वाटलं त्या ओरडतील, आणि मी तयार होते. खरं तर मला ते हवं होतं. त्यांनी दार ओढून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही खरं सांगितलंत ते बरं केलंत की वाईट, मला कळत नाही. खोटं होतं तोवर ते दिवसातून तीनदा पाय तरी हलवत होते." मग एकदम त्यांचा आवाज फुटला. "आणि माझं काय हो? आठ महिने मी या तीन मजल्यांच्या खाली उतरलेले नाही. भाजी दोरीनं वर घेते. औषधं शेजारीण आणते. यांना एकटं ठेवून कशी जाणार, पडले तर? मी आपली म्हणतेय, होतील बरे, त्या बाई येतील. मीसुद्धा तुमची वाट पाहत होते, कळतंय का तुम्हाला?" मी "हो" म्हणाले. "नाही कळत," त्या म्हणाल्या. "पण परवा या. ते नको म्हणोत. तुम्ही या."

आमच्याकडे नियम असा की पेशंटनं लागोपाठ तीनदा नकार दिला की नाव यादीतून कमी. बाहेर रांग लागलेली असते, त्यामुळे नियम काही वाईट नाही. त्या दिवशीचा पहिला नकार मी लिहिला. त्यानंतर गेले तर काका डोळे मिटून पडलेले, शर्ट मागच्या वेळचाच, भांग नाही. भिंतीवरचा कागद तसाच होता, पण त्यांनी मोजणं सोडलं होतं. मी स्टुलावर अर्धा तास बसले. खाली कुठेतरी कोणी लोखंड कापत होतं, ती किरकिर थांबली की खोली फारच शांत व्हायची. जाताना "नकार" असं लिहायला हवं होतं. मी "भेट झाली, संवाद केला" असं लिहिलं. संवाद शून्य होता. आणि खाली उतरताना मला वाटलं, हेही तसंच, अंदाजानं टाकलेला आकडा. म्हणून तिसऱ्या वेळी मी त्यांना सरळ सांगितलं: "काका, आज तुम्ही नाही म्हणालात तर मला खरं लिहावं लागेल, आणि तुमचं नाव जाईल. मागच्या वेळी मी खोटं लिहिलं होतं, ते दुरुस्त केलंय. पुन्हा नाही लिहिणार." मग डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "मी कसा होतो तेव्हा? हॉस्पिटलात?" सांगता आलं असतं, हसतमुख होतात, धीराचे होतात. सगळ्यांना सांगतो तसं. "मला आठवत नाही," मी म्हणाले. "मला फक्त तुमचा एक्स-रे आठवतो. वरचा स्क्रू तिरपा आहे." त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. त्यांचं पोट हलायला लागलं, आणि मला कळायला वेळ लागला की ते हसतायत. "अगं ऐकलंस का!" त्यांनी काकूंना हाक मारली. "यांना मी नाही आठवत. माझा स्क्रू आठवतोय!" काकूंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पण काकांना हसू आवरेना. "मलाही माणसं नाही आठवायची हो," ते डोळे पुसत म्हणाले. "रस्त्यात कोणी नमस्कार करायचं, आणि मी मनात म्हणायचो, हा कुठला मीटर? मग एकदम आठवायचं, जिन्याखालचा, काच तडकलेला, वर कोळिष्टकं. मग माणूस लागायचा." त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "एका घरी एक म्हातारी होती. दर महिन्याला मला म्हणायची, जरा बस. मी म्हणायचो, पुढच्या खेपेला. तीन वर्षं म्हणालो. मग एकदा मीटरच बंद." मग त्यांनी उजवा हात पुढे केला. "धरा," ते म्हणाले. "बघू तरी कुठवर जातंय."

कुठवर गेलं ते लिहायला सोपं आहे. पहिले दोन आठवडे नुसतं ताणणं. मी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायचे, गुडघा अधांतरी, आणि ते छताकडे बघत शिव्या द्यायचे, अगदी सभ्य शिव्या, सरकारी कचेरीतल्या. तीस अंशांचे बावीस झाले. मग कॉटच्या काठावर बसणं. मग एका मंगळवारी, काकू मागे खुर्ची धरून आणि मी पुढे त्यांच्या कमरेचा पट्टा धरून, ते उठले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला आणि ते लगेच बसले. चार सेकंद. "सगळं खाली गेलं," ते म्हणाले, "रक्त, डोकं, सगळं." पुढच्या वेळी अकरा सेकंद, मग वीस. त्या खोलीत त्यांना झोपलेलं पाहायची सवय झाल्यामुळे की काय, ते उभे राहिले की खोली लहान वाटायची. ते उंच होते. हे मला माहीत नव्हतं. काकू म्हणाल्या, "मीही विसरले होते."

पण एक गोष्ट काही केल्या जाईना. ते माझ्या शब्दाशिवाय हलत नसत. "उठू?" "उठा." "बसू?" पाय थरथरत असायचे, कपाळावर घाम, तरी मी म्हणेपर्यंत बसायचे नाहीत. एकदा पाण्याचा पेला हातात धरून विचारलं, "पिऊ?" मी म्हणाले, "काका, तुम्हाला काय वाटतंय?" "मला काय वाटायचंय? तुम्ही सांगा." मी सांगेपर्यंत. ते मी त्यांच्यात लिहिलं होतं, कागदावर नव्हे, आणि ते तीस अंशांसारखं होतं. रोज थोडं ताणायचं, आणि सकाळी पुन्हा तिथेच. मी नसताना ते उठत नव्हते. काकूंनी सांगून पाहिलं, मुलानं फोनवर रागावून पाहिलं. "बाई येतील तेव्हा," ते म्हणत. माझे इथले चार महिने संपायला पाच आठवडे उरले होते. मी मोठ्या मॅडमकडे गेले आणि इथेच राहू द्या म्हणाले, चार महिने, निदान दोन. त्यांनी चष्मा काढला; मी त्यांना तसं प्रथमच पाहिलं. "तू त्यांच्यासाठी थांबत्येस की तुझ्यासाठी?" मी पुन्हा "निदान दोन" म्हणाले. "छातीच्या वॉर्डात चौदा माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांच्याही कोणाच्या तरी वहीत ओळी आहेत. जा. पण जायचं कसं ते शिकून जा."

म्हणून मी काकांना तारीख सांगितली. त्यांच्यासमोर कॅलेंडरवर गोल केला. "या दिवसानंतर मी येणार नाही. नंतरही नाही. माझ्या जागी दुसऱ्या येतील, त्यांना घेऊन मी आधी दोनदा येईन." इतकं साधं वाक्य मी आजवर कोणालाही म्हटलं नव्हतं. काकांनी गोलाकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले. नव्या बाई आल्या तेव्हा त्यांनी त्यांची उलटतपासणी घेतली: किती वर्षं झाली, किती घरं करता, अंदाजानं लिहिता का. त्या वयानं माझ्याहून मोठ्या, दोन मुलांच्या आई, त्यांनी शांतपणे सगळी उत्तरं दिली आणि मग म्हणाल्या, "आता मी एक विचारू? सकाळी दात कुठे घासता?" "कॉटवर. तांब्यात." "बेसिन किती लांब आहे?" काका चपापले. मला हे चार महिन्यांत सुचलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

शेवटून दुसऱ्या भेटीला मी एकटीच गेले. सकाळची साडेदहाची वेळ होती, उन्हाचा एक पट्टा कॉटच्या पायाशी आला होता. गुडघा चौदा अंशांवर होता, आणि मला माहीत होतं तो आता फारसा पुढे जायचा नाही. थोडं लंगडत, वॉकर धरून, या दोन खोल्यांत ते हिंडू शकतील. चोपन्न पायऱ्यांचं मी बोलत नसे, त्यांनीही विचारलं नव्हतं. व्यायाम संपता संपता काकू बाहेर आल्या. त्यांनी साडी बदलली होती. "तुम्ही अजून अर्धा तास आहात ना?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणाले. "मग मी जरा खाली जाऊन येते." काकांनी मान वर केली. "काय आणायचंय?" "काही नाही." "मग?" "असंच." त्यांनी दारामागून चपला काढल्या, एकमेकींवर आपटल्या, धूळ उडाली. पायात घालताना त्यांनी भिंत धरली, जणू बोटीवर चढतायत. दार लावल्याचा आवाज आला, मग पायऱ्यांवरचा. काका ऐकत होते. आवाज दुसऱ्या मजल्याशी थांबला, आणि मला वाटलं त्या परत येणार. मग पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जलद.

मी हात धुवायला आत गेले. हात धुण्याची आमची पद्धत ठरलेली असते, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट, मनात वीसपर्यंत आकडे. मी ती सवयीनं केली. बाहेर काहीतरी सरकल्याचा आवाज झाला, मग पुन्हा. मी टॉवेल घेऊन दारात आले. कॉट रिकामी होती. काका खिडकीशी होते. कॉटपासून खिडकी सात पावलं, आणि वॉकर मधेच तिरका उभा, म्हणजे शेवटची दोन पावलं त्यांनी भिंतीला धरून टाकली होती. दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर, कपाळ जवळजवळ गजांना टेकलेलं. पट्टा नव्हता, मागे खुर्ची नव्हती. मला धावावंसं वाटलं. पाय उचललाही होता. "हळू," ते मागे न बघता म्हणाले. "ती बाहेर पडली." मी त्यांच्या शेजारी, हात लावता येईल इतक्या अंतरावर जाऊन उभी राहिले आणि खाली पाहिलं. काकू इमारतीतून बाहेर येऊन फुटपाथवर थांबल्या होत्या. त्यांनी एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे. "बाजार उजवीकडे," काका पुटपुटले. "दवाखाना उजवीकडे, शेजारणीची बहीण उजवीकडे." काकू डावीकडे वळल्या. "तिकडे काही नाही. तिकडे नुसता रस्ता आहे." त्या चालायला लागल्या, सुरुवातीला जपून, मग हात हलवत. पिशवी नव्हती हातात. "वर बघितलं नाही तिनं," काका म्हणाले. मी विचारलं, "हाक मारू?" "छे छे," ते म्हणाले, "मुळीच नाही." त्यांचा डावा पाय थरथरत होता; त्यांनी वजन जरा उजवीकडे घेतलं, थरथर थांबली, मग पुन्हा डावीकडे घेतलं. "अशी पाठमोरी," ते म्हणाले, "इतकी लांब, किती वर्षांत बघितली नव्हती हो." एक गाडी आली, काकू थांबल्या, गाडी गेली, त्या पुढे निघाल्या, आणि रस्ता वळतो तिथे आधी त्यांचा हात, मग पदर, मग सगळ्याच दिसेनाशा झाल्या. काका तिथेच उभे होते. माझे हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी मी ते पुसत राहिले.